नणंदेच्या नावचं रक्त

सोलापूरच्या त्या लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "नाव?" आणि मी नणंदेचं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. वय विचारलं तर तिचंच वय सांगितलं. गाव आमचं एकच, त्यामुळं ते तेवढं खरं निघालं. शेजारी नवरा बाहीचं बटण लावत उभा होता. त्यानं नुकतंच आपलं खरं नाव लिहून दिलं होतं, रक्तही देऊन झालं होतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाहेर पायरीवर आल्यावर म्हणाला, "म्हंजे आता म्या तुझा भाऊ झालो व्हय?"

मी म्हणाले, "गप चला. कुणाला कळतंय इथं."

हे असं का केलं ते सांगायचं तर आधी माझा स्वभाव सांगावा लागेल. मी संशयी आहे. दूध आलं की बोट बुडवून बघते, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख दोनदा वाचते, नवऱ्यानं फोन पालथा ठेवला तर का ठेवला ते विचारते. आई म्हणायची, हिला देवानं हातावर प्रसाद ठेवला तरी ही आधी वास घेईल. त्यात माझं काम म्हणजे मुरुमच्या बाजारपेठेतलं सेतू केंद्र. दिवसभर लोकांचे दाखले, उतारे, आधार कार्डं बघायची. कुणी जन्मतारीख बदलून आणतं, कुणी मेलेल्या माणसाचा अंगठा चालेल का विचारतं. माहेरची धरून आठ वर्षं ही कामं केल्यावर स्वभाव सुधारेल कसा?

आमचे डॉक्टरही मुरुमचेच. आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्यांच्याच हातच्या सुया खाऊन मोठ्या झाल्या. लग्न झाल्यापासून ते मला रक्तवाढीच्या गोळ्या देत होते. दोन वर्षं मी त्या इमानानं खाल्ल्या, खजूर खाल्ले, लोखंडी कढईत भाज्या केल्या, पण रक्त काही वाढेना. मग आम्ही दोघांनी ठरवलं की आता लेकरू होऊ द्यायचं, आणि मी त्यांना विचारायला गेले. त्यांनी माझी खालची पापणी ओढून बघितली, जुने कागद चाळले आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही नात्यातलेच ना रे?"

नवरा म्हणाला, "व्हय. मामाची पोरगी हाय ही."

आमच्याकडं ही काही सांगायची गोष्ट नाही. माझी सासू म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. मी तिला लग्नाआधी आत्या म्हणत होते, लग्नानंतरही आत्याच म्हणते. घरातलं माणूस घरात आलं, एवढंच काय ते.

डॉक्टर म्हणाले, "मग दिवस जायच्या आधी दोघांचंही एक रक्त तपासून घ्या. काही लोकांच्या रक्तात एक दोष असतो. त्यांना स्वतःला काही होत नाही, आयुष्य निघून जातं, कळतसुद्धा नाही. पण नवरा-बायको दोघांतही तोच असला तर लेकराला जड जाऊ शकतं."

मी म्हणाले, "दोन वर्षांत न्हाय सांगितलं. आताच का?"

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. तेवढ्यात मला कळलं की हा माणूस काहीतरी लपवतोय. चष्मा तसा स्वच्छ होता.

"आधीच सांगायला हवं होतं, चुकलं माझं," ते म्हणाले. "आणि बाकीचं तुझ्या सासूला विचार. सांगायचं असलं तर ती सांगेल. मला सांगता यायचं नाही." मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि हातात दिली.

झालं. संशयाला एवढं खाद्य मला पुष्कळ होतं. घरी येईपर्यंत मी सगळी जुळणी करून टाकली. एक, डॉक्टरला लॅबवाला काहीतरी देत असणार. चिठ्ठीवर त्याच लॅबचं नाव असणार. म्हणून चिठ्ठी मी उघडलीही नाही, पर्समध्ये तळाला सारली. दोन, सासूला काहीतरी माहीत आहे आणि ते तिनं माझ्यापासून, म्हणजे सख्ख्या भावाच्या लेकीपासून, लपवलंय. तीन, आणि हे सगळ्यात वाईट, दवाखान्यातला कंपाउंडर दाराशीच उभा होता. तो माणूस म्हणजे गावाचा बिनपगारी वार्ताहर. दोन वर्षं पाळणा हलला नाही की आमच्याकडं बाईच्याच पदराकडं बघतात. त्यात माझ्या नावाचा, दोष लिहिलेला कागद निघाला तर मग जन्मभर तोच माझा दाखला. बोललेलं उडून जातं, कागद राहतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

म्हणून आम्ही आत्याला न सांगता, दोन तास एसटीत बसून सोलापूर गाठलं आणि बोर्ड बघून एक अनोळखी लॅब धरली.

आता नणंदेचंच नाव का, तर त्या महिन्यात मी तिचा बायोडाटा किती वेळा टाइप केला याला गणती नाही. उंची, रंग, शिक्षण, मामाचं गाव. एका स्थळाला पत्रिका पाहिजे, दुसऱ्याला नको, तिसऱ्याला फोटो साडीतलाच पाहिजे. तिचं नाव, तिची जन्मतारीख माझ्या बोटांतच बसली होती. कुणी नाव विचारलं आणि तेच तोंडातून बाहेर पडलं. ही चूक होती असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण ती निम्मी चूक होती आणि निम्मी सोय. बाहेर पडल्यावर माघारी जाऊन दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती, आणि मी गेले नाही.

ही नणंद म्हणजे माझी आतेबहीणच. सुट्टीत ती आमच्याकडं आली की आम्ही एका ताटात जेवायचो. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त नाचली ती. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायची, "वहिनी, माझ्या लग्नात पाठराखीण तूच यायचं बरं का. मोठ्या बाया नकोत मला. त्या जाऊन तिथंच पाय पसरतात." नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एक बाई जाते, चार दिवस तिला धीर द्यायला. तीच पाठराखीण. मी म्हणायचे, तुझ्या सासूच्या चहात साखर किती ते सुद्धा मी मोजून येते.

आणि तिचं जमलं होतं. जळकोटचं स्थळ. हमरस्त्याला मुलाचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान, घरात दोनच माणसं, मुलगा बोलायला साधा. दोघांनी एकमेकांना बघून पसंत केलं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. नणंद त्या दिवसांत भाकरी थापतानाही गुणगुणायची.

आठवड्यानं रिपोर्ट नवऱ्याच्या फोनवर आला. प्रिंट काढून आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी नवऱ्याचा वाचला, मग दुसरा. दोन्हीवर तेच लिहिलं होतं, थॅलेसेमिया मायनर. मग त्यांची नजर वरच्या नावावर गेली.

"हा कुणाचा?"

मी सांगितलं. काय केलं आणि का केलं, दोन्ही सांगितलं.

मी त्यांना इतक्या वर्षांत कुणावर ओरडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशीही ते ओरडले नाहीत, पण कागद टेबलावर असा ठेवला की मी खुर्चीत मागं सरकले. "तू दिवसभर लोकांचे कागद दुरुस्त करतेस ना?" ते म्हणाले. "मग हा दुरुस्त कर. उद्याच्या उद्या. ती पोरगी उजवायची आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आम्हा दोघांना काही झालेलं नाही. माझं रक्त गोळ्यांनी का वाढत नव्हतं ते आता कळलं. पण दोघांतही असल्यानं दर खेपेला चारात एक शक्यता अशी की लेकराला कायम दुसऱ्याचं रक्त चढवावं लागेल. दिवस गेले की लगेच यायचं, अकराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेतला नमुना घेऊन आधीच तपासता येतं. "घाबरू नका, लपवू नका, एवढंच," ते म्हणाले.

घाबरणं माझ्या हातात नव्हतं. लपवणं होतं, ते मी केलं. नाव दुरुस्त करायचं म्हणजे त्या कागदावर माझं नाव चढवायचं. आज जाऊ, उद्या जाऊ करत मी आठ दिवस काढले. कधी सर्व्हर डाऊन, कधी पाहुणे. नवरा दोनदा बोलला, तिसऱ्यांदा बोलला नाही.

नवव्या दिवशी सकाळी मध्यस्थाचा फोन आला. जळकोटची माणसं थांबा म्हणतायत. का, ते नीट सांगेना. आत्यानं खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "पोरीच्या रक्तात कायतरी हाय म्हनं. सोलापुरात तपासनी केली, तर आमाला सांगायचं तरी."

काउंटरवरची ती मान वर न करणारी मुलगी मुलाची चुलतबहीण होती. जळकोटचीच, सोलापुरात खोली करून राहायची. मीच टाइप केलेला बायोडाटा तिच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला होता. नाव ओळखीचं, गाव ओळखीचं, आणि भाऊ-बहीण जोडीनं रक्त तपासायला आलेले. घरात काहीतरी असल्याशिवाय कोण येईल? तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. मुरुमात कुणाला कळू नये म्हणून मी दोन तास एसटी झिजवली, आणि नेमकं जिथं कळायला नको तिथंच नेऊन ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

नणंद स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. "पर म्या सोलापूरला गेलेच न्हाय," ती म्हणाली. "आई, म्या दिवाळीपासून गेले न्हाय तिकडं. कोन गेलतं?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. पिठाचे हात तसेच धरून मी सांगून टाकलं.

नणंद रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, "माजंच का, वहिनी?" मी म्हणाले, तोंडात तेच आलं. ती म्हणाली, "मग आठ दिस तोंडात काय हुतं?" आणि आत निघून गेली.

मला वाटलं आता आत्या फाडून खाणार. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "रक्तात काय निघालं ते सांग आदी."

मी डॉक्टरांनी सांगितलं तसं सांगितलं. आईकडून असतं, बापाकडून असतं, दोघांकडून आलं तर लेकरू पांढरं पडतं, पोट फुगतं, रक्त चढवत राहावं लागतं.

"पोट फुगतं?" आत्यानं विचारलं.

"डॉक्टर म्हणाले तसं."

मग तिनं सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या आधी तिला एक मुलगा होता. मला इतकंच माहीत होतं की लहानपणी काविळीनं गेला. कावीळ नव्हती ती. वर्षाचा असल्यापासून पोर पांढरं फटक पडायचं, पोट माठासारखं व्हायचं. आमचे डॉक्टर तेव्हा नवीनच आले होते, त्यांनीच सोलापूरला धाडलं. रक्त चढवलं की चार आठवडे हसायचं, खेळायचं, की पुन्हा तेच. भूकंपाच्या आधीच्या साली गेलं, चार वर्षांचं होऊन. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं होतं, पण ऐकायच्या मनःस्थितीत कोण होतं? लोक म्हणाले करणी केली. आणि करणी करणारी सापडायला आमच्याकडं लांब जावं लागत नाही.

"म्या थोरल्या जावंवर आळ घेतला," आत्या म्हणाली. "तिला तवा पोर नव्हतं. माज्या लेकराला उचलून घ्यायची, मुके घ्यायची. म्या म्हनलं, हिचीच नजर. डाक्टरला म्या शपथ घातली, कुनाला सांगू नका, घरातल्या पोरींची लग्नं व्हायची न्हायत. तवापासून म्या तिच्या घरचं पानी पेले न्हाय."

तीस वर्षं. भिंतीला भिंत लागून घर, आणि तीस वर्षं पाणी नाही. मी त्या काकूंना लग्नापासून बघत होते. सणाला त्या दारात वाटी ठेवून जायच्या आणि आत्या ती वाटी गाईपुढं रिकामी करायची. मला वाटायचं बांधाचं भांडण असेल. माझा संशय कुठं कुठं जात असे, पण तिथं कधी गेला नाही. आणि मी ज्याला लबाड समजत होते तो माणूस एका बाईला दिलेला शब्द पाळत होता. मला स्वतःची लाज वाटली. रागही आला, त्यांचा नव्हे, माझा.

दुसऱ्या दिवशी नणंद एकटीच डॉक्टरांकडे गेली. येताना तिच्या हातात चिठ्ठी होती. ती मी बघितली आणि पर्सच्या तळाची माझी घडी पहिल्यांदा उलगडली. दोन्हींवर एकच ओळ होती: धाराशिव, सरकारी दवाखाना, ही तपासणी मोफत होते. मी दिवसभर लोकांना सांगते, आधी कागद वाचा, मग सही करा.

तिथं जाऊन तपासलं, नणंदेचं रक्त स्वच्छ निघालं. आत्यानं देवापुढं साखर ठेवली. नवरा आणि मध्यस्थ रिपोर्ट घेऊन जळकोटला गेले आणि तोंड पाडून माघारी आले. मुलाच्या आईनं कागद हातात धरून एकच प्रश्न विचारला होता: "पैला खोटा हुता म्हनता, तर हा खरा कशावरनं?"

हा प्रश्न माझा होता. शब्द न् शब्द माझा. मी सेतूच्या खिडकीतून रोज दहा जणांना तो विचारते. त्यावर समोरच्या माणसाला किती एकटं वाटत असेल, हे मला तोवर कधी कळलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन दिवस नणंद जेवली म्हणायला जेवली. मुलाचा फोन येत होता, ती उचलत नव्हती. मला तिच्याशी बोलायचं धाडस होईना. तिसऱ्या दिवशी मी केंद्र बंद ठेवलं आणि जळकोटला गेले. नवऱ्याला सोबत घेतलं नाही. केलं एकटीनं, तर निस्तरायचंही एकटीनंच.

मुलाच्या आईनं मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. धारदार बाई. माझ्या चपलेपासून मंगळसूत्रापर्यंत एकदा बघून घेतलं. मी म्हणाले, "काकू, पहिला रिपोर्ट माझा हाय. दोष माझ्यात हाय. तुमच्या सुनेत न्हाय."

"असं तू म्हनतीस."

"तर मग उद्या माझ्यासोबत सोलापूरला चला. त्याच लॅबमध्ये. तुमच्यासमोर रक्त देते. आकडे जुळले तर मग तरी पटेल?"

तिनं माझ्यापुढचा तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुज्या घरच्यांना चालंल? गावात कळंल सगळं."

"कळू द्या," मी म्हणाले. हे दोन शब्द बोलायला मला जेवढं जड गेलं तेवढं लग्नात अंतरपाट सरतानाही गेलं नव्हतं. उठताना राहवलं नाही म्हणून विचारलं, "तुमच्या मुलाचं रक्त कधी तपासलं का?"

"त्याला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. मी चपला घातल्या. त्या घरात सध्या प्रश्न विचारायचा हक्क माझा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या काउंटरसमोर उभ्या राहिलो. तीच मुलगी. तिनं या वेळी मान वर केली. "नाव?"

मी माझं नाव सांगितलं. नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं.

"आधार कार्ड दाखवा," ती म्हणाली. माझ्या पुढच्या बाईला तिनं मागितलं नव्हतं, माझ्या मागच्यालाही मागितलं नाही. मी कार्ड दिलं. तिनं ते चुलतीकडं दिलं आणि चुलतीनं ते माझ्या तोंडाशेजारी धरून, फोटो आणि मी, मी आणि फोटो, असं निवांत ताडून बघितलं. रांगेतली माणसं बघत होती. मी हललेसुद्धा नाही.

आठवड्यानं रिपोर्ट आला, आकडे जुळले. एवढेतेवढे इकडं तिकडं, पण डॉक्टरांनी मुलाच्या आईला फोनवर समजावून सांगितलं की ते एकाच माणसाचे आहेत. पहिल्या कागदावरचं नाव मी त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घेतलं. पुढच्या आठवड्यात सुपारी फुटली. मुरुमातही सगळ्यांना कळलं, कंपाउंडरच्या मदतीशिवाय. दोन बायांनी तोंड वाकडं केलं. एकीनं मात्र केंद्र बंद व्हायच्या वेळी येऊन हळूच विचारलं, त्या तपासणीला कुठं जायचं असतं.

नणंद माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं. मीठ दे, गॅस बंद कर. रात्री अंथरूण तिनं आईजवळ हलवलं होतं.

लग्नाच्या आधी एका सकाळी आत्या उठून शेजारी गेली. मी खिडकीतून बघत होते. थोरल्या काकू अंगण झाडत होत्या, त्यांच्या हातातला झाडू तसाच राहिला. आत्या त्यांच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आक्का, पानी द्या प्यायला." काकूंनी तांब्या आणला. आत्यानं तांब्या तोंडाला लावला आणि निम्मं पाणी पदरावर सांडलं.

पाठराखीण म्हणून थोरल्या काकूच गेल्या. नणंदेनंच ठरवलं होतं. जीपमध्ये बसताना ती माझ्या गळ्यात पडून रडली, सगळ्यांच्या पडली तशी. मी म्हणाले, "मी येऊ का गं?" तिनं डोळे पुसले. "नको वहिनी. तिथं ती काउंटरवरची हाय. तुला बघून पुना सगळे तेच बोलतील." बरोबर होतं तिचं. जीप गेल्यावर मी मांडवातल्या खुर्च्या मोजून घेतल्या, कारण मंडपवाल्यावर माझा भरवसा नव्हता.

पावसाळ्यात मला दिवस गेले. डॉक्टरांना लगेच सांगितलं, त्यांनी सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात अकराव्या आठवड्याची तारीख घेऊन दिली. या वेळी चिठ्ठी तिथंच उलगडून पूर्ण वाचली. ते हसले. नणंदेला मी चार फोन केले, एकही तिनं उचलला नाही. नवरा म्हणाला, कामात असंल. मी पाचवा केला नाही. दवाखान्याचं नाव आणि तारीख लिहून मेसेज तेवढा टाकला. तो तिनं वाचला, उत्तर दिलं नाही.

तारखेच्या दिवशी एसटीत नवरा खिडकीशी आणि मी कडेला बसले होते. मला भीती वाटत होती. लेकराची, सुईची, चारातल्या त्या एकाची. जळकोटला गाडी थांबली. चढणाऱ्यांत हिरव्या बांगड्यांचा एक हात दिसला, मग पर्स, मग नणंद. तिनं भावाला कोपरानं ढकलून मागच्या सीटवर पाठवलं आणि माझ्या शेजारी बसली. तोंड रस्त्याकडं.

नळदुर्ग गेलं. मग म्हणाली, "आधार घेतलंस का?"

"घेतलंय."

"दे हिकडं."

मी दिलं. तिनं ते उलटसुलट बघितलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकून चेन लावली.

दवाखान्यात काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "नाव?" मी तोंड उघडलं, तर तिनं माझ्या दंडाला धरून मला मागं ओढलं. "तू गप बस," ती म्हणाली. "तुजा काय भरोसा न्हाय. नाव म्या सांगते."

आणि तिनं माझं नाव सांगितलं, पूर्ण, मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. नातं काय, असं त्यानं विचारलं. तिनं आधार कार्ड पुढं सरकवलं आणि म्हणाली, "नणंद. ल्ह्या, सोबत नणंद आलीय."